आईच्या मराठीखालचं मराठी

पेंढा भरलेला टेम्पो रस्त्यातून गेला की मागं बराच वेळ वास रेंगाळतो. कापलेल्या भाताचा वास कोरडा, जरासा गोडसर असतो आणि नाकात शिरला की हमखास शिंक येते. काल भिवंडीत माझ्या स्टुडिओखाली असाच एक टेम्पो रिक्षांच्या गर्दीत अडकला. स्टुडिओ म्हणजे काय, कापडाच्या दुकानावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर, आणि वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त देणारा पंखा. मी लग्नाचे व्हिडिओ कापते. आमच्या धंद्यात एडिटिंग वगैरे कुणी म्हणत नाही. ‘ताई, हळदीचं कापून झालं का?’ असंच गिऱ्हाईक विचारतं. शिंकत शिंकत मी खिडकी लावायला उठले आणि तशीच उभी राहिले. पुन्हा कापणीचे दिवस आले होते आणि मला चार वर्षांपूर्वीची कापणी आठवायला लागली होती.

माझं माहेर भिवंडीजवळच्या दापोड्याचं. आता दापोडं म्हटलं की लोकांना गोदामं आठवतात, आणि त्यात लोकांची चूक नाही. जिथं आम्ही भारे वाहिले तिथं आज कंटेनर वळतात. त्या वर्षी आमचं एकच शेत उरलं होतं, दोन गोदामांच्या मधोमध. एका बाजूला निळा पत्रा, दुसऱ्या बाजूला पांढरा. ऑक्टोबरच्या दुपारी दोन्हीकडून अशी झळ यायची की भात शेतातच उभ्या उभ्या शिजेल की काय असं वाटावं. ट्रक मागं घेताना वाजतो तो भोंगा सतत चालू. त्यानं पाखरं उडायची आणि आई म्हणायची, “बरा हाय, बुजगावना लावाया नको.” ती एकटीच कापायची. बाबा बांधावर बसून भारे बांधायचे. दोघांमध्ये शेताची अख्खी लांबी असायची.

बाबांना ऐकू येत नाही. बत्तीस वर्षं त्यांनी भिवंडीत लूम चालवले. ज्यांनी यंत्रमागाचा कारखाना आतून पाहिला नाही त्यांना काय सांगू? आत गेल्यावर पहिल्या मिनिटाला वाटतं की छातीतच कुणीतरी खटखट करतंय. तिथं कान कामाचे नसतात. कामगार ओठांवरून बोलतात. चहा हवा, धागा तुटला, मालकाचा मेहता आला, शिफ्ट संपली, सगळं ओठ आणि बोटं. बाबा त्यातले उस्ताद होते. कारखान्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला काय शिवी देतोय हे ते बरोबर सांगायचे. मात्र या उस्तादीच्या आड त्यांचे कान कधी गेले ते आम्हाला कळलंच नाही. समोरून बोललं की ते उत्तर द्यायचे, मग कुणाला संशय येणार? डॉक्टरनं यंत्र दिलं होतं. ते कानात घातलं की लूम परत चालू झाल्यासारखं वाटतं, असं म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

माझ्याशी ते छान बोलायचे. मी समोर बसते, हात हलवते, माझा आवाजही सासरी प्रसिद्ध आहे. पण आईचं तसं नव्हतं. ती कायम कशात तरी गुंतलेली. गॅसकडे तोंड, नळाकडे तोंड, सुपाकडे तोंड. तिचं आयुष्यभराचं बोलणं असंच, काम करता करता पाठमोरं. बाबांचे कान होते तेव्हा ते चालून गेलं. नंतर हळूहळू ती गप्प होत गेली. मला ते दिसत होतं, नाही असं नाही. मी म्हणायचे, म्हातारी माणसं, आता काय बोलायचं उरलंय त्यांच्यात. किती मूर्खासारखं वाटतं आता ते. चाळीस वर्षं एका घरात राहिलेल्या माणसांना बोलायला काही उरत नाही, असं मी माझ्या मनानंच ठरवून टाकलं होतं.

त्या कापणीत चॅनेलवाले आले. रविवारी सकाळी लागणारा शेतीचा कार्यक्रम होता. दोन गोदामांच्या मधे भात पिकतंय, हे त्यांना कुणीतरी कळवलं असणार. निवेदिका पांढरे बूट घालून आली होती, आमची जमीन वाळली होती म्हणून बूट वाचले. आईला नवी साडी नेसायची होती. मी म्हटलं, कापणीला कोण नवी नेसतं, लोक हसतील. शेवटी जुनी साडी आणि गळ्यात सगळं सोनं अशा वेशात आई शेतात उतरली. विळा चाललाय, कंबर वाकलीय आणि तोंड मात्र कॅमेऱ्याकडं. “अगं बोट जाईल,” म्हणून मी ओरडले तर कॅमेरावाल्यानं मलाच गप्प केलं आणि चहा आणायला पाठवलं. आईचं खरं बोलणं नेमकं तेव्हाच झालं. बाबा नेहमीसारखे पलीकडच्या बांधावर होते, तिच्या पाठीमागं.

कार्यक्रम लागला तो दिवाळी झाल्यावर. भिवंडीत दिवाळीला लूम बंद पडतात, यूपी-बिहारकडचे कामगार गावी जातात, आणि शहरात अशी काही शांतता पसरते की नव्या माणसाला ती बरी वाटते पण आम्हाला झोप येत नाही. रस्त्यावरच्या फळवाल्याचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट येतो. सगळे म्हणतात, चार दिवस कान मोकळे झाले. बाबांच्या कानात मात्र तेव्हाही खटखट चालूच असते. मी एकदा विचारलं होतं, काहीच ऐकू येत नाही तर शांत वाटत असेल ना? ते म्हणाले, “शांती कुटं हाय? कारखाना बंद झाला, पन डोक्यातला मालिक सुट्टी देत न्हाय.”

त्या रविवारी माहेरी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारची काकू, तिच्या सुना, सगळ्यांची पोरं. बाबांसाठी मी टीव्हीच्या बॉक्समधली सबटायटल कायमची चालू करून ठेवली होती. आपल्याकडे ती देतो कोण म्हणा. हाताच्या बोटांवर मोजावेत इतके कार्यक्रम. पण हा कार्यक्रम त्यातला निघाला, आणि तोही अर्धामुर्धा. निवेदिका बोलली, खाली काही नाही. कुणी कृषी अधिकारी बोलले, खाली काही नाही. आईनं तोंड उघडलं आणि खाली पांढऱ्या अक्षरांत ओळ उमटली. आई बोलतेय मराठी आणि खालीही मराठीच.

आधी सगळे हसले. मग काकूच्या लक्षात आलं. “अगं, हिची मराठी काय लोकांना कलत न्हाय?” तिनं विचारलं आणि खोलीतलं हसू आटलं. आईच्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या. “मी कं इंग्रजी बोलले?” ती म्हणाली. “त्या बयेच्या खाली न्हाय लिवला, माज्याच खाली कशाला?” आणि लिहिलं होतं ते तिचं बोलणंही नव्हतं. तिचं ‘न्हाय’ खाली ‘नाही’ होऊन आलं होतं, ‘पानी’चं ‘पाणी’ झालं होतं. कुणीतरी तिला इस्त्री करून ठेवलं होतं.

या सगळ्या गोंधळात बाबा खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. चौथी शिकलेला माणूस, अक्षर लावत लावत वाचणारा. ओळ अर्धी होते न होते तोच ती जायची आणि दुसरी यायची, तरी ते तिच्यामागं धावत होते. आईचं बोलणं आपल्याला कळतंय हे कितीतरी वर्षांनी घडत होतं, आणि ते कुणाला सांगायलाही त्यांना फुरसत नव्हती. मला तेव्हा भरून आलं होतं. दिवाळीचा चिवडा खाता खाता मी रडले आणि काकूला वाटलं, मलाही त्या ओळींचा अपमान वाटला.

कार्यक्रम मी पेनड्राइव्हवर रेकॉर्ड केला होता. नातेवाइकांना कॉपी द्यायच्या होत्या. आईचा हुकूम झाला, “जाहिराती काप आनि ती अक्षरं पन काप.” थोड्या वेळानं बाबांनी मला बाजूला बोलावलं, आणि बहिऱ्या माणसाचं बाजूला बोलावून सांगणं म्हणजे चार घरांना ऐकू जाईल असं. “अक्षरं ठेव.”

कात्रीत सापडले. पण कुणाचं ऐकायचं हे ठरवायची वेळच आली नाही. मी नेहमीच्या सवयीनं, लग्नाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून जाहिराती कापल्या, फाइल काढली, लावून पाहिली तर खाली काहीच नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये चित्र, आवाज आणि अक्षरं असे तीन वेगवेगळे पट्टे असतात हे मला माहीतच नव्हतं. लग्नात कुठं अक्षरं असतात? माझं सॉफ्टवेअर पहिले दोन पट्टे घेऊन तिसरा गुपचूप टाकून देत होतं. आई खूश झाली. “गेली एकदाची,” म्हणाली. बाबांनी पूर्ण कार्यक्रम पाहिला, आईचे ओठ हलताना पाहिले आणि मला विचारलं, “मना परत भैरा केलास कं?”

मग मी पेटले. माझा स्वभावच तसा, कुणी रडलं तर मी भांडायला उठते. दोन दिवस लग्नाची कामं बाजूला ठेवली. तिन्ही पट्टे एकत्र कापणारं एक साधंसं सॉफ्टवेअर शोधलं. त्यात अक्षरं राहिली, पण जाहिरातींचा वेळ त्यांच्या हिशेबातून वजा झाला नव्हता. त्यामुळे आई खळखळून हसतेय आणि खाली ‘तुडतुडा पडला की सगळे संपते’. आई सोनं सावरतेय आणि खाली ‘शेणखत घालावे’. पोरं पोट धरून हसली. मी बाबांना हातवारे करून सांगितलं की चित्र पुढे गेलं, अक्षरं मागे राहिली. त्यांना ते माझ्याहून लवकर समजलं. “ताना कापलास, बाना न्हाय कापला,” ते म्हणाले. कापड कापताना उभा धागा आणि आडवा धागा एकाच रेषेत कापावा लागतो, नाहीतर थान वाकडं येतं. मी प्रत्येक जाहिरातीइतकी अक्षरं पुढं ओढली. शेवटी आईचं तोंड आणि तिची ओळ एका जागी आली. नातेवाइकांना बिनअक्षरांची कॉपी गेली. अक्षरांची एकच, बाबांसाठी.

रोज सकाळी चहा झाला की बाबा आईची ती चार मिनिटं लावायचे. आई चिडायची. पाठमोरी चिडायची, म्हणजे त्यांना ते कळायचं नाही. मला वाटलं, म्हाताऱ्याला कौतुक आहे बायकोचं, बघू दे.

आणि एक दिवस कळलं की त्यांनी शेत द्यायला होकार दिलाय.

एजंट तीन वर्षं खेटे घालत होता. दोन गोदामांच्या मधला तुकडा मिळाला की एकच मोठं गोदाम होणार होतं. बाबा दर वेळी त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. आता त्याच माणसाला त्यांनी सांगितलं होतं, तुळशीचं लग्न होऊ दे, मग ये, सही करतो. शेत बाबांच्या नावावर, पण त्यात राबायची आई. तिला हे काकूकडून समजलं. ती तडक उठली. खळ्यावर गेली आणि भाताचे भारे असे आपटायला लागली की दाण्यांबरोबर काड्याही तुटल्या. मी पोचले तेव्हा तिचा घसा धुळीनं बसला होता. मी विचारलं, तुला शेत द्यायचंय का? ती म्हणाली, “मना कोन इचारतंय?”

मी तणतणत बाबांसमोर जाऊन बसले. का, म्हणून विचारलं. त्यांना माझ्या रागाचंच आश्चर्य वाटलं. “तीच बोलली ना टीव्हीवर,” ते म्हणाले आणि उठून पेनड्राइव्ह लावला, बरोबर त्या जागी आणून थांबवलं. इतक्यांदा पाहिलं होतं की जागा पाठ झाली होती. निवेदिकेनं विचारलं होतं, पूर्वीच्या आणि आताच्या शेतीत काय फरक वाटतो? खाली ओळी आल्या: ‘पीक आहे, पण मण भरत नाही. पूर्वी कापणीला माणसे असायची. आता बोलवायला माणूस नाही.’

“दमली ती,” बाबा म्हणाले. “मना कवा बोलली न्हाय, पन जगाला सांगितला. मानूस मिलत न्हाय, माप भरत न्हाय. मग कशाला राबवू तिला?” ज्या शेतासाठी हा माणूस तीन वर्षं अडून बसला होता, ते तो बायकोच्या एका वाक्यापायी सोडून देत होता. वर म्हणाला, “पन बघ, तिचा तोंड जास्ती हलतंय. लिवलंय कमी. बाकी काय बोलते, पुरा लिव. जमीन देताना तिचा एक शब्द पन सुटाया नको.”

चॅनेलवरून आलेली अक्षरं बदलता येत नाहीत, ती मुळात चित्रंच असतात. म्हणून मी नव्यानं टाइप करायला बसले. हेडफोन लावला आणि आई जशी बोलते तशीच लिहायची, इस्त्री नाही करायची, असं ठरवलं. खरं सांगायचं तर मला ती बोली लिहिताना लाज वाटत होती. शहरातल्या शाळेत पहिल्याच महिन्यात बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं. ‘पानी नाही, पाणी. न नाही, ण. जीभ वर लाव.’ मी इतकी जीभ वर लावली की पुढं ती खाली यायलाच तयार नाही. दिसेल त्या न चा ण करत सुटले. एकदा बाईंना म्हणाले, ‘मी मण लावून अभ्यास करीन’, तर अख्खा वर्ग हसला. आजही कुणी ‘कोन’ म्हटलं की माझ्या आत कुणीतरी ते दुरुस्त करतं.

तर मी टाइप करत होते. पीक हाय, पिकाला काय झालंय. पण मण भरत न्हाय. हे मी असंच टाइप केलं, चॅनेलवाल्यांनी लिहिलं होतं तसंच, आणि मला काही खटकलं नाही. पुढं आई बोलत होती ते खालच्या ओळींत ‘पूर्वी कापणीला माणसे असायची’ एवढ्यावरच उरकलं होतं. आदी आमी दोघा मिलून कापायचो, बोलता बोलता बांध कवा यायचा, कलायचा न्हाय. मग शेवटचं वाक्य टाइप केलं. आता बोलाया मानूस न्हाय.

ते तिच्या बोलीत लिहिलेलं डोळ्यांसमोर आलं आणि मी थांबले. बोलाया. मजुराला हाक मारायची असती तर आई ‘बोलवाया’ म्हणाली असती. बोलाया म्हणजे बोलायला. आता बोलायला माणूस नाही. मी एक ओळ वर गेले आणि माझाच ‘मण’ मला टोचायला लागला. पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. आमच्यात ण नाहीच मुळी. मणालाही मन म्हणतात आणि मनालाही मनच. शेतीचा कार्यक्रम, हातात विळा, समोर शेतकरीण. ऐकणाऱ्याला वजनच आठवणार. आई म्हणत होती, मन भरत न्हाय.

ध चा मा झाला की काय होतं ते आपण लहानपणापासून ऐकतो. इथं न चा ण झाला होता आणि शेत चाललं होतं. आधी मी त्या लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या. मग वाटलं, तो आमच्यातलाच कुणी असेल. बाहेरच्या माणसानं ऐकू आलं तसं ‘मन’च लिहिलं असतं. ही चूक करायला आधी शाळेत बाकावर उभं राहावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी खळ्यावर गेले. आई भात वाऱ्यावर देत होती. सुपातून दाणे सरळ खाली पडत होते आणि तूस माझ्या अंगावर येत होतं. मी तिला तिचं वाक्य म्हणून दाखवलं. ती थांबली नाही. “तुला कोनी सांगितला आयकाया?” म्हणाली. मी म्हटलं, बाबांनी. त्यांनी शेत द्यायचं कशापायी ठरवलं तेही सांगितलं. मग सूप खाली आलं. ती बराच वेळ तूस निवडल्यासारखं करत राहिली. “त्यांना नको दाखवू,” ती म्हणाली. “त्यांना वाटंल, मी त्यांच्या कानांना नावं ठेवली. लोकांच्या पुढ्यात.” मी म्हटलं, अगं पण शेत? “जाऊ दे शेत,” ती म्हणाली, आणि ती असं म्हणेल याची मला खरोखरच कल्पना नव्हती.

घरी येताना माझं डोकं फिरलं होतं. मी आयुष्यभर कापत आले. वरातीत रुसलेला जावई कापला, पंगतीतलं भांडण कापलं, नवरीची आत्या स्टेजवर जे पुटपुटली ते कापलं. लोक मला त्याचेच पैसे देतात. अल्बम गोड दिसावा म्हणून कुणाकुणाचं बोलणं मी उडवलंय, त्यांना कधी विचारायला गेले नाही. आणि आता आई स्वतः सांगत होती की एवढं काप. चार शब्दांचा प्रश्न होता. पण ते कापले असते तर बाबांनी चुकीच्या वाक्यावर सही केली असती आणि आई उरलेलं आयुष्य गॅसकडे तोंड करून बसली असती. मला ते सहन होणार नव्हतं. मी आईचं ऐकलं नाही. ते बरोबर होतं की नाही, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

बाबा हळू वाचतात म्हणून त्या जागी मी चित्र थांबवलं. लग्नात नवरीचं हसू आम्ही असं थांबवतो. आई वाकलेली, विळा हातात, चेहरा वर केलेला, आणि खाली तिची ओळ, पुरी वाचून होईपर्यंत. सकाळी नऊच्या सुमाराला मी पेनड्राइव्ह लावला. आई दारात सूप घेऊन बसली होती. बाबा नेहमीसारखे कडेला सरकले आणि मोठ्यानं वाचायला लागले. त्यांना वाटतं ते मनात वाचतायत.

“पन... मन... भरत न्हाय.” ते थांबले. माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. “आदी... आमी दोघा... मिलून कापायचो.” त्यांच्या त्या मोठ्या, सपाट आवाजात आईचं बोलणं आईच्याच बोलीत घरभर घुमत होतं. दारातलं सूप हलायचं थांबलं होतं. “बोलता... बोलता... बांध कवा यायचा, कलायचा न्हाय.” शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा आवाज आला नाही, ओठच हलले.

मग बाबा आईकडं वळले. “ह्या तू बोलली?”

आईनं खाली बघूनच काहीतरी म्हटलं. त्यांना ते कळलं नाही. “वर बघ,” ते म्हणाले. “पाठ करून बोलतेस, मान खाली घालून बोलतेस. मना कसा कलंल? तुजा तोंड दिसला तर मना सगला आयकू येतंय.”

“तुमी कवा बोलला न्हाय, तोंड दाखव म्हनून,” आई म्हणाली. या वेळी वर बघून.

“मना वाटला, तुला बोलायचा न्हाय.”

मी तिथून उठले. मला त्या घरात माझीच अडचण झाल्यासारखं वाटलं. वीस वर्षं दोघांनी एकमेकांची गप्प बसण्याची इच्छा सांभाळली होती, आणि ती इच्छा दोघांचीही नव्हती.

तुळशीचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी एजंट कागद घेऊन आला. मीही मुद्दाम गेले होते. बाबा ओटीवर बसले होते, आई त्यांच्या पुढ्यात बसून वाल सोलत होती आणि कुठल्या तरी भावकीतल्या भांडणाचं सांगत होती, शब्द न् शब्द सुटा, मान वर. एजंटनं कागद पुढे केले. बाबांनी ते हातात घेतले नाहीत.

“आता न्हाय जमत,” ते म्हणाले. “आमचा बोलना चाललंय.”

एजंटचा चेहरा उतरला. कुणीतरी दुसरी पार्टी मधे घुसली, असंच त्याला वाटलं असणार. “काका, आपलं ठरलं होतं,” तो म्हणाला. “कोणाशी बोलणं चाललंय तुमचं?”

बाबांनी आईकडं बोट केलं. “हिच्याशी.”

एजंट त्यावर पुढं बरंच काही बोलला, समजावलं, हात जोडले, आवाजही चढवला. बाबांचं तोंड आईकडं होतं, त्यामुळे त्यांना त्यातलं काहीच कळलं नाही.